सयाजीचे मार्क

माधवनगरात लग्न असो की बारसं, रेकॉर्डीचं मशीन आणि कर्णा आकारामचाच. आवाजातलं आकारामला कळतं, असं सगळे म्हणत आणि आकारामही ते खरं धरून बसला होता. माणसाला स्वतःच्या कानाची एवढी खात्री असू नये.

त्याचा धाकटा भाऊ सयाजी पलटणीत, साहेबांच्या मेसमध्ये ड्यूटीला. साहेबलोक बदलीवर निघाले की आपल्या जुन्या रेकॉर्डी त्याला देऊन टाकत. त्यांतल्या गिटारी, दणादण ड्रम आणि बेंबीच्या देठापासून ओरडणारे ते गायक. इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, तरी पोराला त्या गाण्यांचं वेड लागलं. स्वतःला सुट्टी मिळेना, म्हणून गावाकडे येणाऱ्या जवानाच्या ट्रंकेतून तो रेकॉर्डी पाठवी. मग पत्रातून खेळ चाले. दोघांनी प्रत्येकीला दहापैकी मार्क द्यायचे, ते आकारामने कव्हरामागे पेन्सिलीने लिहायचे. सयाजीचे मार्क त्याच्या पत्राशिवाय बदलायचे नाहीत, हा नेम.

एकाहत्तरच्या पावसाळ्यात अकरावी रेकॉर्ड आली, काळ्या कव्हराची. सोबत चिठ्ठी होती: "दादा, ही समद्यात भारी हाय. माझे धापैकी धा. नीट ऐक."

आकारामने ऐकली. गाणारा चिरक्या आवाजात काहीतरी घाईघाईने उरकत होता. त्याने उलट टपाली कळवलं, "हिला दोन. ते बी कव्हराचे."

सयाजीचं उत्तर आलं: "मला लय आवडली हुती. पण तुला आवाजातलं कळतं. माझे बी दोनच धर. सुट्टीवर आलो की दोघं बसून ऐकू."

आकारामने दहावर काट मारून दोन केले, थोडं हसतच. डिसेंबरात लढाई झाली आणि सयाजी गेल्याची तार आली.

चार वर्षं त्याने त्या रेकॉर्डींना हात लावला नाही. पंचाहत्तर साली, लग्नसराई संपल्यावर, मशीन पुसताना वेगाच्या दांडीत खोचलेली आगकाडी त्याला दिसली. खोचली त्यानेच होती. सिनेमाच्या छोट्या रेकॉर्डी मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांवर फिरतात. बैलगाडीच्या हादऱ्याने दांडी सरकू नये म्हणून ती त्याने पहिल्यापासून तिथेच अडकवून टाकली होती. सयाजीच्या मोठ्या रेकॉर्डींवर तेहतीस आकडा होता. तो कंपनीचा नंबर असेल, असं समजून त्याने सोडून दिला होता.

त्याने काडी उपसली, दांडी तेहतीसवर नेली आणि काळ्या कव्हरातली रेकॉर्ड लावली.

गाणाऱ्याला कसलीच घाई नव्हती. खोल, भरलेला आवाज एकेक शब्द जड पावलांनी टाकत येत होता आणि गिटार त्याच्या मागोमाग चालली होती. सयाजीने मेसच्या दाराशी उभं राहून हे ऐकलं होतं. आकारामला रडू कोसळलं.

मग त्याने अकराच्या अकरा ऐकल्या. नऊ दिलेली एक चारच्या लायकीची निघाली, तीनवाली आठवर गेली. दुपारी बायको, अंजना, डोकावली. "आवं, जेवायचं न्हाई का?"

"तू घे जेवून. माझे मार्क चुकल्यात," तो म्हणाला.

दिवेलागणीला काळं कव्हर पुन्हा हातात आलं. आपल्या नावापुढचे दोन खोडून त्याने दहा लिहिले. मग पेन्सिल सयाजीच्या नावापुढे नेली. तिथे काट मारलेले दहा होते आणि शेजारी आपल्याच हातचे दोन. त्याने पेन्सिल मागे घेतली. नेम नेम होता. सयाजीचे दोनच राहिले.