लेडीबायचा वंश

तळेऱ्याच्या तिठ्यावर आमचं घर, त्यामुळे माहेरचे निरोप मला एस.टी.च्या कंडक्टरांकडूनच मिळतात. एरवी ते गाडीच्या दारातूनच ओरडून सांगतात आणि घंटी मारतात. त्या दिवशी दुपारी मात्र ओळखीचा कंडक्टर खाली उतरला, अंगणात आला आणि पडवीच्या पायरीशी चपला काढू लागला. "बाय, धामापूरचो निरोप आसा..." तो म्हणाला, "तुमचे दादा गेले." कणकवलीला गाडी बदलून मी पोहोचले तोवर सगळं उरकलं होतं.

आता महिना होऊन गेला. भेटायला येणारे सगळे एकच आठवण काढतात, दादा आणि त्याची कुत्री. कुडाळपासून मालवणपर्यंत माणसं त्याला त्या कुत्रीमुळे ओळखत. पण त्या कुत्रीपायी त्याने उरलेलं आयुष्य कसं काढलं, ते आम्हा घरच्यांनाच ठाऊक. लिहू का, असं मी वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "लिवा वन्स. पण लिवशात तर सगळां लिवा."

दादा मुंबईला एका इंग्रज साहेबाच्या बंगल्यावर नोकरीला होता. नावाला बटलर, पण त्याचा सगळा जीव साहेबाच्या कुत्र्यांत. त्यातली लेडी ही सेटर जातीची. पांढरीशुभ्र, अंगावर काळे शिंतोडे, शेपटीला रेशमी झालर. ही जात पक्ष्यामागे धावत नाही. गवतात दडलेल्या तित्तराचा वास आला की पुढचा एक पाय उचलते, अंग जमिनीलगत नेते आणि तिथेच थिजते. शिकारी येईपर्यंत कान हलवत नाही. साहेबलोक याच्या स्पर्धा भरवत, त्यांना फील्ड ट्रायल म्हणत. लेडी तिथली चॅम्पियन, तिची आईसुद्धा चॅम्पियन. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी साहेबाने गाशा गुंडाळला. लेडीला विलायतेला नेलं तर रोगाच्या धास्तीने तिला कित्येक महिने सरकारी कोंडवाड्यात ठेवावं लागलं असतं, म्हणून तो जिंकलेले कप घेऊन गेला आणि कुत्री दादाला देऊन गेला. जाताना एवढंच म्हणाला, हिचं रक्त बिघडू देऊ नकोस. दादाने शब्द दिला.

मालवणच्या बंदरात आगबोटीतून होडीत आणि होडीतून किनाऱ्यावर दादा तिला कडेवर घेऊन उतरला, तेव्हा बघायला ही गर्दी! गावाने तिचं बारसं पुन्हा केलं, लेडीबाय. कार्तिकात सड्यावरचं, म्हणजे वरच्या कातळपठारावरचं गवत पिवळं पडलं की दादा थोरल्या काकांची बंदूक खांद्याला लावून तिला घेऊन निघे आणि मागून गाव. ती थिजली की पोरं कुजबुजत, "गप रवा रे, लेडीबायन नमस्कार घातल्यान." तोवर दादा म्हणजे मुंबईला साहेबाची भांडी घासणारा, अशीच त्याची गावात ओळख होती. आता मालवणचे डॉक्टर आणि मामलेदार त्याच्या पडवीवर बसून चहा पिऊ लागले. तो सुखावला, ताठ चालू लागला. त्याला हसावं असं त्यात काही नव्हतं. मान कुणाला नको असतो? बेळगावच्या एका निवृत्त मेजरसाहेबांकडे अस्सल सेटर कुत्रा होता. लेडीबायला तिथे न्यायचं, पिल्लं झाली की एक त्यांना द्यायचं, असं ठरलं. दादा तर पिल्लांची नावंसुद्धा शोधून बसला होता.

पण लेडीबायने कुणाची वाट पाहिली नाही. चवथीला मी माहेरी गेले तेव्हा ती माजघराच्या कोपऱ्यात नुकती व्याली होती, आणि तिच्या अंगाला लुचत होती ती सगळी काळी-तांबडी गावठी पिल्लं. देवळाकडच्या काळ्या कुत्र्याचं रूप कुणालाही ओळखू आलं असतं. दुसऱ्या दिवशी मेजरसाहेबांचा माणूस लेडीला बघायला यायचा होता. सकाळीच दादाने टोपली आणली, पिल्लं उचलून तीत ठेवली आणि वरून तरट टाकलं. लेडीबाय शेपटी हलवत त्याच्या हाताकडे बघत होती. त्याच्या हातून तिला कधी वाईट असं काही मिळालंच नव्हतं.

वहिनी चुलीपुढून उठून आली. "नको ओ असा करू. जीव आसत ते."

"तुका काय कळता त्यातला?" दादा म्हणाला आणि पंचा शोधायला आत गेला. परत आला, टोपली उचलली आणि ओहोटीच्या वेळेला कर्लीच्या खाडीकडे चालू लागला. मी ओटीवर फुलांचे हार करत बसले होते. मी काही बोलले नाही. थोरल्या भावाला उलट बोलायची आमच्या घरात रीत नव्हती, असं तेव्हाही मी मनाला सांगितलं आणि अजूनही सांगते...

लेडीबायचं दूध अंगातच राहिलं. तिला ताप भरला, पुढे गर्भाशयात पू झाला. डॉक्टरांनी वाचवली, पण बेळगावला मेजरसाहेबांच्या कुत्र्याकडे नेऊन आणून काही झालं नाही. पुन्हा नेली, तरी नाही. ही आता कधी विणार नाही, असं तिथल्या गुरांच्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं. रक्त सांभाळायला म्हणून जे केलं, त्यानेच ते रक्त आटलं. दादाने हे आम्हाला सांगितलं तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून बोलत होता.

लेडीबाय त्यानंतर फार वर्षं जगली नाही. मोकळी सुटली की ती खाडीवर जाई. एकदा तिला शोधत मी दादाबरोबर गेले. काठावरच्या चिखलात ती पुढचा पाय उचलून, अंग ताणून, पाण्याकडे नाक करून थिजलेली. समोर पक्षी नव्हता, काही नव्हतं. दादा तिला हाक मारू शकला नाही. मीच मारली. ती गेली तेव्हा त्याने तिला परसात पुरलं आणि बंदूक काकांना परत नेऊन दिली. पुन्हा त्याने बंदुकीला हात लावला नाही.

ती गेल्यानंतरच्या हिवाळ्यात भगवतीच्या जत्रेला मी माहेरी होते. दादा खाडीपलीकडे कुणाच्या तरी लग्नाला गेला होता. दुपारी परत आला तो सरळ माजघरात येऊन बसला. वहिनीने पाणी दिलं, ते त्याने तसंच ठेवलं.

"त्या दिवशी टोपलेत पिल्लां किती होती गो?" त्याने विचारलं.

वहिनी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमी मोजलात नाय?"

"माझ्यान बघवला नाय. तरट उघडूकच नाय मी, तशीच उपडी केलंय." मग तो म्हणाला, "पलीकडे, बायजाच्या शेतात एक काळो कुत्रो आसा. लाव्याच्या पाखरासमोर उभो रवललो. एक पाय वर करून..."

बायजा म्हणजे आमच्याकडे मासे घेऊन येणारी गाबतीण. वहिनीने सूप खाली ठेवलं. "तुमी पंचो हाडूक गेलात तेवा एक काढलंय. पदराखाली धरलंय नि बायजाक दिलंय."

"इतकी वर्सां माका सांगूक नाय तां?"

"सांगलंय असतंय तर ता रवला असता?"

दादा उठला आणि आल्या वाटेने परत खाडीकडे निघाला. या वेळी मी त्याच्या मागोमाग गेले. होडीने आम्ही खाडी ओलांडली. पलीकडे बायजा दारातच होती. आम्हाला बघून ती गडबडली, म्हणाली, "तुमचोच आसा, घेवन जावा, माझा काय म्हणणा नाय." एवढ्यात तो कुत्रा आला. रंगाने देवळाकडच्या बापासारखा, शेपटीला मात्र झालर. तो सरळ दादाकडे गेला आणि त्याचा हात चाटू लागला. दादाने हात मागे घेतला. कुत्र्याने पुन्हा नाक पुढे केलं. दादा तिथेच खळ्यात खाली बसला, दोन्ही हात त्याच्यापुढे केले आणि रडू लागला. "माझो न्हय तो, बायजा," एवढंच म्हणाला. "तुझोच रवांदे."

पुढे त्या काळ्याची पिल्लं, पिल्लांची पिल्लं धामापूरभर झाली. दादा प्रत्येक वेताला जाई, प्रत्येक पिल्लाला घर बघून देई. नको असलेली घरी आणी. काहींच्या अंगात ती थिजण्याची खोड उतरली होती, काहींच्या नाही. त्याला फरक पडत नव्हता. एकदा बेळगावकडचे एक हौशी शिकारी मोटारीतून आले. चॅम्पियन सेटरचा वंश इथे आहे, असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. पडवीवर चारचौघे होते. दादा पूर्वीसारखा खुलेल असं मला वाटलं. तो शुद्ध मराठीत, सावकाश म्हणाला, "वंश आहे साहेब, पण तो मी राखलेला नाही. मी तो खाडीत बुडवला. या घरातल्या बाईने एक जीव वाचवला, त्याचे हे." अशी मिश्र जात आपल्या उपयोगाची नाही, म्हणून ते गृहस्थ चहा न घेता गेले. गावात त्या दिवसापासून दादाबद्दल कुजबुज सुरू झाली. दादाला ती हवीच होती की काय, असं मला पुष्कळदा वाटतं.

त्याची आणखी एक गोष्ट लोकांना ठाऊक नाही. बायजाकडून परतल्या दिवसापासून तो वहिनीला विचारल्याशिवाय काही करेनासा झाला. कुठला माड तोडायचा, भाताचं बी कुठलं, कुंपणाच्या गडग्याला दगड कुणाचे... आम्ही चेष्टा करायचो. पुरुषांच्या पंगतीला पडवीवर बसणं त्याने सोडलं. स्वयंपाकघरात चुलीजवळ पाट मांडून तिथेच जेवायचा, म्हणजे विचारायला बरं.

तेराव्यानंतर मी तळेऱ्याला निघाले तेव्हा वहिनी स्वयंपाकघरात होती. दादाचा पाट तिथेच मांडलेला. इतकी वर्षं जे ओठांवर येऊन परत गेलं, ते मी त्या दिवशी विचारलं. "वहिनी, तू त्याला माफ केलं होतंस ना गो?"

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "मीठ घालू काय इचारीत, दार लावू काय इचारीत," ती म्हणाली. "तां एक मात्र कधी इचारूक नाय."

"आणि विचारलं असतं तर?"

"इचारूक होया होता, वन्स..."

बाहेर एस.टी.चा हॉर्न ऐकू आला. मी पिशवी उचलली. वहिनी मला पोहोचवायला उठली, पण दारापर्यंत येऊन थांबली, मागे वळली, आणि रिकामा पाट भिंतीला टेकवून न ठेवता तसाच चुलीच्या आणखी थोडा जवळ सरकवला.