खारूताईची दाढ

लहान मुलांच्या दातांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून लागली आणि पोरांनी तिचं बारसंच केलं: खारूताई. पुढचे दात जरा मोठे आणि बोलण्याचा सपाटा असा, की ऐकणाऱ्याला धाप लागावी. तिला त्याचं काही वाटत नसे. "खार तर खार, सुसर नाही ना म्हणाले!"

भोकाड पसरलेल्या पोराला खुर्चीत बसवावं तर तिनंच. पण स्वतःचं तोंड उघडायची वेळ आली की काहीतरी काम काढून पसार. मागच्या दाढा लहानपणापासून पिवळट, ठिसूळ. गार पाणी लागलं की कळ थेट कानात. आईचा निकाल केव्हाच लागलेला होता. "गोळ्या चघळायच्या आणि दात न घासता झोपायचं. भोग आता!" तिच्या कोर्टात अपील नव्हतं.

मग दवाखान्यात नवा कॅमेरा आला. जाड पेनाएवढा, टोकाला निळा प्रकाश. त्यात दाताचं वरचं कवच, म्हणजे एनॅमल, धड असेल तर पडद्यावर हिरवं चमके. कच्चं असेल तिथे काळपट डाग उमटत. डॉक्टरीणबाई तो घेऊन एका शाळेत तपासणीला गेल्या. सोबत खारूताई.

दुसरीतली एक दोन वेण्यांची पोरगी ओठ घट्ट मिटून उभी राहिली.

"चॉकलेट खाताना बरं उघडतं हे तोंड!" सोबत आलेले तिचे वडील करवादले.

खारूताई तिच्यासमोर उकिडवी बसली. "काय गं, आत बेडूक लपवलायस?"

ओठांच्या फटीतून उत्तर आलं, "आधी तू दाखव."

झाली का पंचाईत! मागची सगळी रांग ओरडू लागली, "दाखव! दाखव!" डॉक्टरीणबाईही गालात हसत कॅमेरा पुढे करून तयार. खारूताईने डोळे मिटले आणि आ वासला.

"अय्या, हिरवे दात!" पोरगी किंचाळली. मग पडद्याजवळ जाऊन म्हणाली, "पण मागचे काळे का?"

डॉक्टरीणबाईंनी दाढा नीट निरखल्या, लहानपणच्या त्रासाबद्दल विचारलं. "अगं, या हिरडीत घडत होत्या तेव्हाच कच्च्या राहिल्यात. तू घासलं नाहीस म्हणून नव्हे."

"म्हणजे गोळ्यांमुळे नाही?"

"त्यांनी नंतर हातभार लावला असेल. सुरुवात त्यांची नाही."

पोरगी आपणहून खुर्चीत चढली. तिच्याही दाढांवर तसेच डाग निघाले. वडिलांचा चेहरा उतरला.

"गार पाणी लागतं का गं?" त्यांनी विचारलं.

"खूप."

"मग सांगायचं नाही का?"

"तू म्हणाला असतास, चॉकलेट."

"वेळेत सापडलंय, लेप लावून वाचवू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. वडिलांनी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला.

खारूताईने व्हरांड्यातूनच आईला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं.

"म्हणजे माझंच काही चुकलं होतं का गं?" आईचा आवाज एवढासा झाला होता.

"नाही गं! लहानपणचं आजारपण, नाहीतर आणखी काही. नक्की कुणालाच सांगता येत नाही."

"हं. पण गोळ्या खायचीसच तू."

"खायचे."

"आणि मला एकही द्यायची नाहीस."

पुढच्या आठवड्यात खारूताई दाढेवर टोपी बसवून घ्यायला दवाखान्यात, पोरांना बसवायची त्याच खुर्चीत बसली. आई उशाशी उभी राहून डॉक्टरीणबाईंना "हळू हं, हळू" असं बजावत होती. काम उरकल्यावर ती स्वतःच खुर्चीकडे सरकली.

"माझ्याही तोंडात घाला की तो दिवा."

"आजी, तुम्हाला कवळी आहे!"

"असू दे. हिरवी दिसते का, तेवढं बघा."