गुलाबी थ्रॉटल

दवाखान्यातली जुनी खुर्ची आमच्या धायरीच्या फ्लॅटवर आली तेव्हा ती लिफ्टमध्ये मावेना. शेवटी हमालांनी ती जिन्याने चौथ्या मजल्यावर चढवली, आणि प्रत्येक मजल्यावर लोक दार उघडून बघून गेले. सोसायटीचे सेक्रेटरी मला म्हणाले, "वहिनी, घरात दवाखाना काढायचा तर कमिटीची परवानगी लागते." मी म्हटलं, "दवाखाना नाही हो, विमान आहे." ते हसले नाहीत. विमानाला परवानगी लागते का, हे त्यांना बहुधा नियमावलीत बघायचं असावं.

माझे यजमान दातांचे डॉक्टर. मी त्यांना डॉक्टरच म्हणते; सासरी सगळे म्हणायचे, तीच सवय मला लागली. सदाशिव पेठेत एका बोळाच्या तोंडाशी त्यांचा दवाखाना. तिथे नवी खुर्ची बसवली म्हणून जुनी घरी आली. लेक नोकरीसाठी बंगळूरला गेल्यावर तिची खोली रिकामी झाली होती. तिथे मला शिवणाचं मशीन आणि कापड बेतायला मोठं टेबल हवं होतं. मी भूगोल शिकवून निवृत्त झालेली बाई. आता दुसऱ्यांच्या पोरांवर ओरडायचं सोडून चार गोधड्या शिवाव्यात एवढीच माझी इच्छा. मी टेबलाची मापं घेत होते तेवढ्यात डॉक्टरांनी त्या खोलीत विमानाचं कॉकपिट बांधायला घेतलं.

म्हणजे समोर संगणकाचे तीन पडदे, त्यांत आकाश, आणि पुढ्यात खरोखरचे दांडे, बटणं, सुकाणू, पायाशी पेडल. विमान पडद्यावर उडतं, पण हातापायांना ते खरं लागलं पाहिजे. मी त्याला खेळ म्हटलं की डॉक्टर रागवायचे. "अगं, सिम्युलेटर म्हणतात त्याला." मी म्हणायचे, "बरं. तुमचं सिम्युलेटर आवरा आणि जेवायला या."

या वेडामागचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. डॉक्टर डावखुरे. लहानपणी शाळेत डाव्या हातावर पट्ट्या खाल्लेल्या, कॉलेजात सगळी खुर्च्यांची मांडणी उजव्यांसाठी, नर्सने हत्यार पुढे केलं तरी ते उलट्या बाजूने. "विमानात मात्र कॅप्टन डावीकडे बसतो," ते म्हणाले. "सुकाणू डाव्या हातात, उजवा हात नुसता थ्रॉटलवर. जगातली एकच खुर्ची आहे जिथे सगळ्यांना माझ्यासारखं बसावं लागतं." हे सांगताना त्यांचा चेहरा असा काही उजळला होता की मी शिवणाचं मशीन निमूटपणे हॉलच्या कोपऱ्यात नेलं.

थ्रॉटल म्हणजे इंजिनाची ताकद कमीजास्त करायचे दांडे. त्यांच्या मुठी डॉक्टरांनी कवळीच्या ॲक्रिलिकच्या केल्या, हिरडीच्या रंगाच्या, चकचकीत घासलेल्या. काळा रंग द्या म्हटलं तर ऐकेनात. असं कसब लपवायचं कशाला, म्हणे. त्यामुळे आमच्या विमानाला गुलाबी हिरड्या होत्या आणि कॅप्टन पेशंटच्या खुर्चीत बसत असे. शेजारी सहवैमानिक म्हणून मी, डायनिंगच्या खुर्चीवर. माझं काम यादी वाचायचं आणि उंची सांगायची. रविवारी दवाखाना बंद असायचा. दुपारची भांडी आवरली की आम्ही सिंहगडावरून वळसा घेऊन लोहगावच्या विमानतळावर उतरायचो. खडकवासल्याचं धरण वरून बघताना मी कितीदा तरी विसरले की आपण भूगोल शिकवणं सोडलंय. खोटं कशाला बोलू, मला मजा यायला लागली होती.

मग थ्रॉटल बिघडला. उतरताना इंजिनाचा आवाज एका पट्टीत राहायला हवा, तो आमच्याकडे सारखा चढायचा आणि उतरायचा. दांड्याच्या बुडाशी पंख्याच्या रेग्युलेटरमध्ये असतं तसं एक फिरतं बटण असतं, त्याला हे लोक पॉट म्हणतात. दांडा किती सरकला ते पॉट संगणकाला कळवतं. पॉटमध्ये धूळ गेली की ते वेड्यासारखं कळवायला लागतं. डॉक्टर म्हणाले, पॉट गेलं. स्कूटर काढून तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत गेले, नवं आणलं. ते बसवलं, तरी तेच. पुन्हा गेले. दुकानदार ओळखायला लागला. "काका, विमानात पॉट घालताय का पॉटांचंच विमान करताय?" असं त्याने विचारलं हे डॉक्टरांनी घरी येऊन मोठ्या कौतुकाने सांगितलं. आपल्याला तोडीस तोड कुणी भेटलं की पुण्याच्या माणसाला बरं वाटतं.

शेवटी त्यांनी पॉट काढूनच टाकलं. लोहचुंबकावर चालणारा एक सेन्सर मागवला. त्यात काही घासत नाही, काही झिजत नाही, धूळ गेली तरी फरक पडत नाही. तो बसवला त्या रविवारी डॉक्टर खुशीत होते. दांडा कुठे आहे ते दाखवणारी रेघ त्यांनी पडद्यावर लावली. दांडा स्थिर तर रेघ सरळ. त्यांनी मुठीवर हात ठेवला, आणि रेघेला दाते आले. पॉट असताना रेघ नुसती विस्कटलेली दिसायची. आता सगळे दाते सारखे, करवतीला असतात तसे, एकामागून एक.

"आयला," डॉक्टर म्हणाले. "सेन्सरपण खराब?"

तेवढ्यात बेल वाजली. गॅसचा सिलिंडर आला होता. डॉक्टर उठून गेले, आणि माझ्यासमोर रेघ सरळ झाली. मी गुलाबी मुठीवर माझा हात ठेवला. सरळच राहिली. मी हात काढला. डॉक्टर परत आले, बसले, सवयीने उजवा हात मुठीवर ठेवला आणि दाते परत आले.

मी पडद्याकडे न बघता त्यांच्या हाताकडे बघितलं. नीट बघितल्याशिवाय दिसलंही नसतं. अंगठा आणि शेजारचं बोट, जपमाळ ओढावी तसे, हळूहळू, एका लयीत चालले होते. या हाताने त्यांनी सकाळी चहा गाळला होता, पेपर दुमडला होता, तेव्हा काही नव्हतं. काम सांगितलं की हात शहाण्यासारखा वागत होता. तो थरथरत होता फक्त विसावल्यावर, आणि तो विसावलेला माझ्या नजरेला पडला होता फक्त इथेच.

त्या दिवशी मी नुसती उंची सांगत राहिले. पुढचा आठवडाभर मी त्यांच्या हातावर पाळत ठेवली. बातम्या बघताना, सोफ्याच्या हातावर. जेवण झाल्यावर, मांडीवर. पुढच्या रविवारी त्यांनी परत सेन्सर उघडायला घेतला तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अहो, डावा हात ठेवून बघा."

त्यांनी डावा ठेवला. रेघ सरळ. उजवा ठेवला. डावा. परत उजवा. डॉक्टर माणसाला जास्त सांगावं लागत नाही. त्यांनी हातातला स्क्रू ड्रायव्हर टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "म्हणजे ती सगळी पॉटं चांगली होती."

मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी यांना दोन्ही हात मांडीवर सैल सोडून शंभरपासून उलटे आकडे म्हणायला लावले. आकड्यांत मन गुंतलं तशी उजव्या हाताची बोटं आपली चालायला लागली. मग त्यांना खोलीत चालायला लावलं. उजवा हात चालताना हलत नव्हता, हेही माझ्या तेव्हाच ध्यानात आलं. इतक्या वर्षांत नवऱ्याची चाल बदललेली मला दिसली नाही याचा मला फार राग आला, आणि तो काढायला समोर कुणी नव्हतं. कंपवात, ते म्हणाले. सुरुवात आहे, औषधं आहेत, हळूहळू वाढतो.

आमच्या डॉक्टरांनी एवढंच सांगितलं, "मी डावखुरा आहे. काम डाव्या हाताने करतो."

"मग आज-उद्या लगेच काही नाही," मेंदूचे डॉक्टर म्हणाले. "पण कुठे थांबायचं ते तुमचं तुम्हाला कळेल. ते लवकर कळू द्या."

घरी आल्यावर डॉक्टर आधी कॉकपिटमध्ये गेले. सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते. बारीकसारीक हालचाल गाळून टाकायची, विमानापर्यंत जाऊच द्यायची नाही. ती त्यांनी लावली. मुठीवर हात थरथरतोय आणि पडद्यावर रेघ सरळ. इंजिनाचा आवाज एका पट्टीत. लोहगावला इतकं सुरेख उतरले की मला रडू आलं. "बघ," ते म्हणाले. "काही कळत नाही."

"विमानाला कळत नाही," मी म्हटलं. "पेशंटला कळेल."

त्यावरून आमचं जे सुरू झालं ते संपेना. त्यांचं एकच म्हणणं, उजव्या हाताला काम काय असतं? आरसा धरायचा. गाल बाजूला ओढायचा आणि आरसा धरायचा. ड्रिल, सुई, सगळं डाव्या हातात, आणि डावा ठणठणीत आहे. मी म्हणायचे, लहान मुलं येतात तुमच्याकडे, ती हलतात. ते म्हणायचे, तू भूगोल शिकव. एकदा मी आवाज चढवला, वर्ग गप्प बसवायचा माझा जुना आवाज, तर ते त्या खुर्चीत बसूनच म्हणाले, "दवाखाना बंद केला तर सकाळी उठून मी कुठे जाऊ? ते सांग आधी." मला त्यांची भीती कळत होती आणि तरी रोज सकाळी ते स्कूटर काढायचे तेव्हा माझ्या जिवाचं पाणी व्हायचं. आज कुणाच्या तोंडात काय होईल? फोन वाजला की आधी तेच मनात यायचं.

माझी एक दाढ बरेच दिवस ठणकत होती. दातांच्या डॉक्टरच्या बायकोचे दात कुणी बघत नाही, तीही बघत नाही. ती दाढ मी दुसऱ्या कुणाला दाखवू शकले असते. नाही दाखवली. एका दुपारी, पेशंट नसतात त्या वेळी, रिक्षा करून सदाशिव पेठेत गेले आणि नव्या खुर्चीत जाऊन बसले. "दुखतेय," म्हटलं. "तुम्हीच बघा."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी कशाला आले ते त्यांना कळलं होतं, हे मला कळलं. दवाखान्यातल्या मावशींनी माझ्या गळ्यात तो कागदी रुमाल बांधला. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. डाव्या हाताने, इतकं अलगद की सुई कधी गेली समजलं नाही. गाल बधिर होईपर्यंत ते खिडकीपाशी उभे राहिले, उजवा हात खिशात घालून. मग आले, तोंडावर मास्क चढवला आणि प्रत्येक पेशंटला सांगतात तेच मला सांगितलं, "दुखलं तर हात वर करायचा."

उजव्या हातातल्या आरशाने त्यांनी गाल बाजूला केला आणि डाव्या हाताने ड्रिल लावलं. हात काय तो त्यांचा! इतकी वर्षं ऐकत आले होते, त्या दिवशी स्वतः अनुभवला. ड्रिल जिथे हवं तिथेच, तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. माझ्या मनात आलं, या भांडणात आपण हरलो तर किती बरं होईल.

थोड्या वेळाने पलीकडच्या दातावर काहीतरी वाजायला लागलं. गाल बधिर होता, पण दातावरचा आवाज कानाला थेट ऐकू येतो. टिक, टिक, टिक. आरशाची कड. रविवारच्या त्या रेघेची लय मला पाठ होती. डोळ्यांवर दिवा, तोंड उघडं, मला बोलता येत नव्हतं आणि हात वर करायचा नव्हता. दुखत नव्हतंच.

त्यांनाही ऐकू आलं असणार. त्यांनी ड्रिल थांबवलं. आरसा तसाच ठेवला. मावशींना म्हणाले, सक्शन बंद करा. खोलीत आता दुसरा आवाजच नव्हता. डोकं एका बाजूला कलवून ते ऐकत राहिले, विमानाच्या इंजिनाचा आवाज ऐकायचे तसे, कुठे बिघडलंय ते शोधत. टिक, टिक, टिक. मास्कच्या वर त्यांचे डोळे मला दिसत होते आणि मला ते बघवत नव्हते.

त्यांनी आरसा ट्रेमध्ये ठेवला. दाढेत तात्पुरतं सिमेंट भरलं, डाव्या हाताने, आरशाशिवाय, मान वाकडी करून. मग मावशींना म्हणाले, "संध्याकाळच्या पेशंटना फोन करून नाही सांगा."

"आणि उद्याच्या?"

"उद्याच्यांनापण." मग म्हणाले, "दाढ अर्धी राहिलीय. हिला दुसऱ्या कुणाकडे पाठवायला हवं."

मावशी काही न समजून माझ्याकडे बघायला लागल्या. माझी जीभ लोळागोळा झालेली, ओठातून लाळ गळत होती. मला त्यांना खूप काही सांगायचं होतं. चुकलं माझं, असं म्हणायचं होतं, आणि चुकलं नाही हेही मला माहीत होतं. मी नुसता रुमाल तोंडाला धरला.

खाली बोळात स्कूटर उभी होती. मी हात पुढे केला, त्यांनी चावी दिली. मी चालवायला बसले, ते मागे बसले आणि तोल सांभाळायला उजवा हात त्यांनी माझ्या खांद्यावर ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्या मागे बसले होते. दांडेकर पुलाच्या सिग्नलला भली मोठी रांग होती. गाडी थडथडतेय म्हणून मी ती बंद केली. हात तसाच हलत राहिला. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, आणि डॉक्टर माझ्या कानाशी म्हणाले, "चल. तूच ने आता."