वऱ्हांड्यात बसवून ठेवलेले संचालक

घाटंजीला आम्ही कापसातली सरकी काढायचं जिनिंग सुरू केलं तेव्हा संचालक मंडळ म्हणजे घरचेच चौघे: माझे थोरले चुलतभाऊ, ज्यांना मी दादा म्हणायचो, त्यांचे दोन मेहुणे आणि मी. जेवणं झाली की गादीवर सभा व्हायची. दादा माझ्याकडे बघून विचारायचे, "काय करायचं रे?" बहुधा मी म्हणेन तेच व्हायचं.

साठ-एकसष्टच्या सुमारास गाठी बांधायची प्रेस बसवायचं ठरलं. कर्ज देताना बँकेने अट घातली, मंडळात बाहेरचा माणूस हवा. एका मेहुण्याने जागा सोडली आणि गावातले एक मुसलमान कापूस-व्यापारी आले. गादी गेली, खुर्च्या आल्या. त्याचं मला काही वाटलं नाही. पण दादा आता आधी त्यांच्याकडे वळायचे. "भाईजान, तुमाले काय वाट्टे?" माझ्याकडे मग नुसती मान हलायची. त्यांच्या विनोदांना दादा पोट धरून हसत; त्यातले दोन-तीन तर मी आधी सांगितलेले होते.

बायको एकदा म्हणाली, "जेवतानाबी त्या भाईजानचंच नाव घेता तुमी."

दरवर्षी एका संचालकाची मुदत संपायची. आमची रीत अशी, की त्याने वऱ्हांड्यात जाऊन बसायचं, आत त्याचंच नाव पुन्हा सुचवायचं, हात वर व्हायचे आणि विडा देऊन त्याला आत आणायचं. नाव सुचवायचं काम सगळ्यांत धाकटा म्हणून माझं.

भाईजानांची पाळी आली. उठताना मला म्हणाले, "जल्दी बोलवा बरं, बाहेर लय ऊन हाय."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे बघत राहिलो. आमचं आधीच काही ठरलंय असं समजून मेहुणाही गप्प बसला. दादांनी हळूच विचारलं, "काहून रे, तुले काही माहीत हाय काय?"

"राहू द्या न, दादा."

एवढंच बोललो. त्यांचं नाव कुणीच सुचवलं नाही. दादा स्वतः बाहेर गेले आणि एकटेच परत आले.

पुढच्या बाजारापर्यंत गावभर झालं, की त्यांनी वजनात काही केलं असणार, उगाच कोण काढतो? शेतकऱ्यांच्या गाड्या त्यांच्या दुकानावरून पुढे जाऊ लागल्या. मी सगळं ऐकत होतो, आणि दादा पुन्हा मला विचारतात याचं सुखही घेत होतो. ते फार टिकलं नाही. बँकेने नागपूरचा एक हिशेबनीस धाडला, मागून आणखी एक. कारखाना वाढला की मंडळात परके येणारच.

भाईजानांची नातवंडं आजही घाटंजीत आहेत. त्यांच्यासाठी लिहितो: मला काहीही माहीत नव्हतं. माहीत असण्यासारखं काही नव्हतंच.