विरोधकाचं अनुमोदन

तुम्ही शेवटचं अनुमोदन कुणाला दिलंत? फोनवर अंगठ्याचं चिन्ह पाठवणं मी धरत नाही. चारचौघांत हात वर करून “माझं अनुमोदन आहे” असं मोठ्याने कधी म्हणालात?

मी पत्रकांच्या घरात वाढले. आईवडील दोघंही कामगार चळवळीतले. शाळेत जाण्याआधी पत्रकांच्या घड्या घालणं हे माझं काम. प्रत्येक पत्रकाच्या शेवटी लिहिलेलं असायचं, ‘मोठ्या संख्येने उपस्थित राहा.’ उपस्थित राहून नेमकं काय करायचं, ते मात्र त्यात नसायचं. ते मला कायद्याच्या कॉलेजात आमच्या संघटनेच्या एका सभेत कळलं.

ही संघटना कायद्याच्या विद्यार्थ्यांची. बऱ्याच देशांत तिच्या शाखा आहेत आणि सगळा कारभार विद्यार्थीच पाहतात. पुण्याच्या शाखेची मी सचिव होते. आमचं मोठं काम म्हणजे मूट, म्हणजे लुटुपुटीचा खटला. तो इंग्रजीतच चालायचा, कारण पुढच्या फेऱ्या परदेशातल्या संघांशी.

वाघोलीची माझी मैत्रीण पहिल्या वर्षापासून सभासद होती. मूटच्या संघाच्या दर निवडीला ती तयारी करून यायची आणि इंग्रजीत अडखळून बसायची. त्या दिवशी सभेआधी चहा पिताना ती म्हणाली, “आज ठराव मांडतीय. मूट मराठीतबी व्हावी. पडला तर पडला. पण त्यावर कुणी बोललंच नाही, तर मी संघटना सोडणार. शोभेला बसायला मला वेळ नाय.”

तिने ठराव मांडला. आमचा नियम असा की दुसऱ्या कुणी अनुमोदन दिलं तरच चर्चा होते. अध्यक्ष तीनदा विचारतात, आणि हात वर आला नाही तर ठराव तिथेच संपतो. इतिवृत्त लिहिणाऱ्या सचिवाला अनुमोदन देता येत नाही, त्यामुळे माझा हात बांधलेला.

“अनुमोदन आहे?” अध्यक्षांनी विचारलं. ते कर्वेनगरचे, आमच्याहून एक वर्ष पुढे. कुणी हललं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मग म्हणाले, “सगळे वर बघताहेत. सचिवांनी नोंद घ्यावी, पंख्याचं अनुमोदन चालत नाही.”

सगळे हसले. मैत्रीण उभीच होती. तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं होतं.

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा शेवटच्या बाकावरून हात वर आला. तो आमच्या मूटच्या संघातल्या मुलीचा होता. तिच्या वडिलांचा मार्केट यार्डात मसाल्याचा गाळा आहे. इंग्रजीत तिला हरवणारं आमच्यात कुणी नव्हतं.

“माझं अनुमोदन,” ती म्हणाली. “आणि मी विरोधात मत देणार आहे.”

“अहो, मग अनुमोदन कशाला?” अध्यक्ष म्हणाले.

“विरोधात बोलायचंय मला. ठराव आत्ताच पडला तर बोलू कशावर, पंख्यावर?”

यानंतर जे झालं ते फक्त कायद्याच्या विद्यार्थ्यांकडूनच होऊ शकतं. विरोधकाने दिलेलं अनुमोदन वैध की अवैध, यावर वाद पेटला. नियमावली उघडली गेली. एकाने ‘अनुमोदन’ची व्याख्या मागितली, दुसऱ्याने व्याख्या नाही म्हणजे मनाईही नाही, असा मुद्दा काढला. मागून कुणीतरी ओरडलं, “लवकर आटपा, मेस बंद होईल!” मराठीचं नावही कुणी काढत नव्हतं.

“अरे, मी अजून उभी हाय,” मैत्रीण म्हणाली. “बोलू का बसू?”

अध्यक्षांनी नियमावली मिटली. “बोला बाई. अनुमोदन वैध.”

“चुलतीची कोर्टात साक्ष होती, जमिनीच्या वाटपाची,” ती म्हणाली. “वकील आणि जजसाहेब इंग्रजीत बोलत होते. चुलती माझ्याकडं बघत होती, पोरगी कायदा शिकती म्हणून. मला सगळं समजत होतं. पण तिला मराठीत सांगायला गेले, तर शब्दच येईनात. एवढंच सांगायचं होतं.”

मार्केट यार्डची मुलगी उठली. “पटलं. तरी विरोध आहे. माझ्या घरी उर्दू, शाळा मराठी, इंग्रजी मी इथे येऊन घासून शिकले. तू दोन मूट मागतेस. मग दोन संघ होतील. एक परदेशी जाईल आणि एकाला शाल-नारळ देऊन टाळ्या वाजवतील. त्या दुसऱ्या संघात कोण असेल, सांग.”

मतदान झालं, ठराव पडला. मी इतिवृत्तात ‘नामंजूर’ लिहिलं आणि पार्किंगपर्यंत तिच्यासोबत गेले. मला वाटलं, आता ही राजीनामा देणार.

“सोडत नाय,” स्कूटरला किल्ली लावत ती म्हणाली. “तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचंय आधी.”

पुढच्या सभेत तिने नवा ठराव आणला. संघ एकच राहावा, पण त्यातल्या प्रत्येकाने आपला खटला आधी मराठीत मांडावा आणि मग इंग्रजीत. अध्यक्षांना एकदाच विचारावं लागलं. शेवटच्या बाकावरचा हात वर होता.

“या वेळी बाजूने की विरोधात?”

“ऐकून ठरवते,” ती म्हणाली.

ऐकून तिने बाजूने मत दिलं. ठराव मंजूर झाला. आता सरावाच्या वेळी त्या दोघी एका टेबलावर बसतात आणि ‘बर्डन ऑफ प्रूफ’, म्हणजे पुरावा कुणी द्यायचा ते, साध्या मराठीत कसं सांगायचं यावर भांडतात. मैत्रीण इंग्रजीत अजूनही अडखळते. कायदा मराठीत सांगताना मार्केट यार्डची मुलगी अडखळते, अध्यक्ष तर तिच्याहून जास्त.

घरच्या पत्रकांनी मला बाजू घ्यायला शिकवलं, आणि ते मी सोडणार नाही. पण बाजू घेण्याआधीचं एक काम त्या मुलीने केलं, आणि ते आमच्या एकाही पत्रकात नव्हतं. म्हणून हे सांगते आहे. तुमच्या सोसायटीच्या, कॉलेजच्या, युनियनच्या पुढच्या सभेत कुणीतरी एकटं उभं राहील आणि बाकीचे पंख्याकडे बघतील. तेव्हा तुम्ही हात वर करा. मत नंतर विरोधात द्यायचं असेल तर खुशाल द्या. आधी त्या माणसाला बोलू द्या.