दिनकरनं वहिनींना माझं नाव सांगितलं, मला काहीच नाही

उशिरा लिहितोय, माफ करा. दिनकरचं वर्षश्राद्ध परवा झालं.

मला बोलावणं नव्हतं.

वर्ष झालं तरी मला दिनकरचा राग येतो. जेवताना येतो, बस स्टॉपवर उभा असताना येतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी, दिनकर, इक्बाल आणि सर्जेराव, चौघं एकाच वर्कशॉपला होतो. मी सातवी पास, लेथवर. तीस वर्षं सुट्टी मिळाली की आम्ही डोंगरातल्या घळी उतरायचो. गगनबावड्याकडच्या, आजऱ्याकडच्या.

दोर बांधायचा, एकेकानं उतरायचं, आणि शेवटचा खाली आला की दोर खालून ओढून घ्यायचा.

एकदा दोर ओढला की परत वर जायला वाट नाही. पुढंच जावं लागतं.

म्हणून ओढायच्या आधी मी प्रत्येकाला नाव घेऊन विचारायचो, बरा हाईस का? उत्तर आल्याशिवाय दोराला कुणाला हात लावू द्यायचो नाही.

सगळे वैतागायचे. सर्जेराव मला हजेरी मास्तर म्हणायचा.

दिनकर म्हणायचा, "मारत्या, तुला भ्या वाटतंय ते आमच्यावर कशाला ढकलतोस?"

वाटायचंच भ्या. अजून वाटतं. गॅस बंद केलाय का बघायला मी जिन्यातून दोनदा माघारी येतो.

गेल्या वर्षी होळीच्या आधी आम्ही गगनबावड्याला गेलो होतो. दोर काढायच्या आधीच, नुसतं चालताना, दिनकर छातीवर हात ठेवून खाली बसला. गॅस झालाय म्हणाला. मी सगळ्यांना तिथूनच माघारी आणलं. डॉक्टरकडे जा म्हणून महिनाभर त्याच्या मागं लागलो.

मग एक दिवस तो म्हणाला, पुण्याला लेकीकडे चाललोय, आठ दिवस.

मला बरं वाटलं. म्हटलं, तिथं तरी लेक दवाखान्यात नेईल. नातीसाठी भडंगाचं मोठं पाकीट दिलं.

तो मस्कतला गेला.

इक्बालचा जावई तिकडे नोकरीला आहे. वाळवंटातल्या डोंगरात पाच दिवसांची घळ, त्यानंच सगळं ठरवून दिलेलं. दिनकर, इक्बाल आणि सर्जेराव.

व्हॉट्सअॅपवर मला सोडून वेगळा ग्रुप केला होता. नंतर सर्जेरावच्या मोबाइलवर मी तो पाहिला. एका फोटोत दोन्ही बाजूंना भाजल्यासारखे लाल कडे आहेत, वर आभाळाची एवढीशी फट. खाली तिघं हेल्मेट घालून बसलेत.

मध्ये माझं भडंगाचं पाकीट. फोडलेलं.

मला हे सगळं कळलं ते शालनवहिनींच्या फोनमुळं. दिनकरच्या बायकोच्या. त्याची तब्येत बिघडली असा तिकडून इक्बालच्या जावयाचा फोन आला होता, म्हणून त्यांनी मला लावला.

"भावजी, ह्यांच्याकडं द्या फोन."

मी म्हटलं, वहिनी, दिनकर पुण्याला आहे ना?

मग त्या म्हणाल्या, "तुमी घरात हाईसा?"

दिनकरनं त्यांना सांगितलं होतं की मारुती बरोबर आहे. मारुती असेल तर जा, या अटीवरच त्यांनी त्याला सोडलं होतं.

माझ्याकडे पासपोर्टसुद्धा नाही.

घळीतल्या तिसऱ्या दिवशी दिनकर सकाळपासून म्हणत होता की छाती जड वाटतेय. इक्बालनंच मला नंतर सांगितलं. तरी दोर ओढला. दुपारी एका डबक्याच्या कडेला टेकला, तो उठलाच नाही. तिथून बाहेर काढायला दुसरा दिवस उजाडला.

मी इक्बालला विचारलं, मला का नाही सांगितलं?

तो म्हणाला, "तू पहिल्या दोरालाच माघारी फिरवलं असतंस की."

व्हय. फिरवलं असतं.

एक लिहिलं नाही तर तेही खोटं होईल. लेथवर माझं बोट गेलं तेव्हा चार महिने माझा डबा दिनकर उघडून द्यायचा. भाकरी मोडून द्यायचा. कधी बोलून दाखवलं नाही.

त्याच माणसानं हे केलं. म्हणून जास्त लागतं.

दहाव्याला वहिनी मला सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तुमचं नाव होतं म्हणून मी सोडलं. आन् तुमी ते वापराय दिलंसा."

मी म्हटलं, मला माहीत नव्हतं. त्यांनी विचारलं, तीस वर्षं एका दोरावर होता आणि माहीत नव्हतं?

तेव्हापासून बोलणं बंद. मंडईत मी दिसलो की त्या रस्ता ओलांडतात.

इक्बालला खरं माहीत आहे. सर्जेरावला माहीत आहे. वहिनींना ते सांगा म्हणत मी किती वेळा दोघांच्या दारात गेलो. इक्बाल मान खाली घालतो. सर्जेराव म्हणतो, "गेलेल्या माणसाला आणिक खोटा कशाला पाडायचा?"

मी यावर वर्षभर विचार केला. शिक्षण कमी, डोकं सावकाश चालतं.

तो बायकोशी खोटं बोलला, हे वहिनींना माहीतच आहे. तो माझ्याशीही खोटं बोलला, एवढंच माहीत नाही. तेवढं कळल्यानं दिनकर आणखी किती लहान होणार?

आणि झाला तर होऊ दे. तो गेला, मला अजून याच गल्लीत राहायचंय.

महिनाअखेरीला वहिनी कायमच्या पुण्याला लेकीकडे चालल्यात. घर भाड्यानं दिलंय, टेम्पो ठरलाय. एकदा त्या गेल्या की माझ्यावरचा हा डाग कोण पुसणार?

दिनकर, तुला माफ केलं असं लिहिणार नाही, कारण केलेलं नाही. पण जिथं असशील तिथं निवांत राहा.

इक्बाल, सर्जेराव, तुम्ही हे वाचणार. दोघांनी मिळून वहिनींकडे जा. मी बरोबर येत नाही, माझ्यासमोर त्या ऐकणार नाहीत.

गेलात की मला कळवा. त्या जे म्हणतील ते शब्दाला शब्द कळवा. शिव्या असल्या तरी चालतील.

पण लवकर कळवा.