विचारलं तेवढंच

"विनोद घरी आहे का?" असं कुणी ओट्यावरून विचारलं की मोठी आई "हाव" म्हणायची आणि गहू निवडत राहायची. माणूस बिचारा ताटकळायचा. बऱ्याच वेळानं त्याला कळायचं की विनोद घरी आहे खरा, पण तापानं फणफणून निजलाय. "अहो, मग सांगायचं ना!" तो चिडायचा. मोठी आई सुपातून मान वर न काढता म्हणायची, "तुमी घरी हाय का म्हून विचारलं. कसा हाय म्हून कुठं विचारलं?"

माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची ही बायको. वडनेरच्या पुढच्या आमच्या गावात ती कितीतरी वर्षं पोलीस पाटील होती. एकदा मारामारीच्या खटल्यात हिंगणघाटच्या कोर्टात तिची साक्ष झाली. वकिलानं विचारलं, "तुम्ही भांडण पाहिलं का?" ती म्हणाली, "नाई." वकील खूश झाला आणि उगाच पुढे गेला. "मग काय पाहिलं?" "फुटलेलं डोकं पाह्यलं, आन् या तुमच्या मानसाच्या हातातली काठी पाह्यली." तिचं तत्त्व एकच होतं. विचारलं तेवढं सांगायचं. त्यात आपलं काही घातलं का ते साक्ष राह्यत नाई, गोष्ट होते, असं ती म्हणायची.

या तत्त्वाचा फायदा मलाही झाला. मला पाहायला आलेल्या मंडळींनी "मुलीला स्वयंपाक येतो ना?" असं विचारलं, तेव्हा मोठी आई ठामपणे "येते" म्हणाली. कसा येतो, हे त्यांनी विचारलं नाही. माझ्या नवऱ्याला ते पुढे आपोआप कळलं.

पण हीच सवय तिच्या जिवावर बेतणार होती.

तिचं हृदय थकलं होतं. पाय भोपळ्यासारखे सुजले, दम लागू लागला, म्हणून तिच्या मुलानं, विनोददादानं, तिला वर्ध्याजवळच्या मोठ्या दवाखान्यात आणलं. मी वर्ध्यातच बँकेत आहे, त्यामुळे संध्याकाळची पाळी माझी. दिवसभर तिची सून सुनीतावहिनी असायची. डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण बोलायला कडक. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "मीठ पूर्ण बंद. पाणी मोजून. मीठ पोटात गेलं की अंगात पाणी साठतं, आणि हे हृदय ते उपसू शकत नाही." मोठ्या आईनं मान डोलावली. दवाखान्याचं अळणी वरण, अळणी दुधी ती निमूटपणे खाऊ लागली. तक्रारीचा एक शब्द नाही.

आणि सूज उतरेना. रोज सकाळी तिला काट्यावर उभं करत, आणि वजन कालच्यापेक्षा थोडं जास्तच निघे. औषध वाढवलं, तरी तेच. तिला आडवं होता येईना. पाठीशी उशा रचून ती बसल्याबसल्याच डोळे मिटायची, आणि तिच्या छातीतली घरघर मला स्टुलावर बसून ऐकू यायची. एके दिवशी डॉक्टरीणबाईंनी भर वॉर्डात विचारलं, "आजी, खरं सांगा. मीठ खाताय?"

"नाई."

"लोणचं? पापड? फरसाण?"

"नाई."

"मग कुठून जातंय? असंच राहिलं तर पाणी फुप्फुसात चढेल. मशीनवर ठेवावं लागेल, आणि त्यातून परत याल याची मी खात्री देणार नाही."

शेजारच्या खाटांवरच्या बाया आमच्याकडे बघायला लागल्या. विनोददादाचा चेहरा उतरला. तो वाकून तिला म्हणाला, "माय, आमच्यापासून काऊन लपवतं? मले तरी खरं सांग."

मी मोठ्या आईला रडताना कधी पाहिलं नव्हतं, त्या दिवशीही ती रडली नाही. फक्त तिचा आवाज बारीक झाला. "माह्या शबदावर गावातले भांडनं मिटत होते रे. आता तूच मले खोटी म्हनून राह्यला? सुट्टी करा माही. मरन तर घरी मरन, खोटारडी होऊन इथं नाई मराचं मले." आपल्या जबाबदारीवर सही करून मला उद्या घरी न्या, असा हट्टच तिनं धरला. विनोददादा बाहेर जाऊन व्हरांड्यात उभा राहिला. खरं सांगते, मलाही तिचा संशय आला होता. ती झोपेत असताना मी तिच्या उशीखाली हात घालून पाहिला. काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, म्हणून दुपारीही मीच बसले. एरवी मी बँकेतून पोचेपर्यंत तिचं संध्याकाळचं जेवण उरकलेलं असायचं. दादा सहीच्या कागदांचं बघत होता. ताट आलं. मोठ्या आईनं खाटेजवळच्या कपाटावरची लहान स्टीलची डबी उघडली, जिच्यात बडीशेप असेल असं मी इतके दिवस समजत होते, आणि चिमूटभर गुलाबी पूड वरणावर भुरभुरली. सगळ्यांदेखत, अगदी शांतपणे.

मी तिचा हात धरला. "हे काय घालतेस?"

"शेंदेलोण."

"अगं, मग मीठ खात नाही म्हणून काय सांगतेस सगळ्यांना?"

"मंग? चतुर्थीले मी मीठ सोडतो का नाई? सोडतो. आन् शेंदेलोण खातो का नाई? खातो. हे मीठ असतं तं उपासाले चाललं असतं का?"

मला हसावं की कपाळावर हात मारावा कळेना. सुनीतावहिनी रोज ते बघत होती. तिलाही त्यात वावगं काही दिसलं नव्हतं. उपासाचं ते हलकं, बाधत नाही, असंच आमच्याकडे सगळे मानतात. मी हळूच म्हटलं, "आण ती डबी इकडे. टाकून देते. डॉक्टरांना कळायचंही कारण नाही."

ती भडकलीच. धापा टाकत म्हणाली, "चार लोकायसमोर नाई म्हटलं होतं, आता चार लोकायसमोरच सांगीन. बोलाव त्या बाईले. माह्या जबानीत दुरुस्ती करा लागते."

डॉक्टरीणबाई आल्या. डबी बघून त्यांचा पारा चढला. "आजी, हेही मीठच आहे! एवढं कळत नाही?"

"कळलं असतं तं खाल्लं असतं का, माय? मंग जलमभराचे माहे सारे उपास मोडले म्हना."

तेव्हा त्यांना हसू आलं. त्या खाटेच्या कडेला टेकल्या आणि जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "बरं. आणखी काही राहिलंय का सांगायचं?"

असा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नसावा. कागद घेऊन आलेला दादा पायथ्याशी थांबला होता. मग ती म्हणाली, "भेव लागते मले. डोया लागला का वाटते, आता सकाळ दिसत नाई."

"माय, हे काऊन नाई सांगतलं?" दादा म्हणाला.

"कोनं विचारलं? सारे मिठाचंच विचारून राह्यले होते."

दादानं ते कागद घडी करून खिशात घातले. तो तिथेच, तिच्या पायांशी बसला.

डबी गेली आणि सूज उतरू लागली. ती पाठ टेकून झोपू लागली, गावी गेली, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जगली, तेही निव्वळ अळणी खाऊन. मी रोज संध्याकाळी फोन करायचे. जेवण विचारायचं, औषध विचारायचं, आणि मग विचारायचं, "आणखी काही?" मग ती सुरू व्हायची. गाय लंगडते. सुनीता भाजीत ओवा फार घालते. छातीत धडधडते. "आन् तुह्या हातचं वरन मले कधीच नाई आवडलं, नंदे." मी म्हटलं, हे नसतं सांगितलं तरी चाललं असतं. तर म्हणाली, "तूच विचारलं."

ती गेली त्याच्या आदल्या संध्याकाळीही मी नेहमीसारखं विचारलं, "आणखी काही?" पलीकडे नुसता तिचा श्वास ऐकू येत होता. मी वाट पाहिली.

"नाई माय," ती म्हणाली. "आता सारं सांगून झालं."